जेवढी टाकी तेवढा मासा

दर मंगळवारी मी उम्म अल क्वैनमध्ये समुद्र तयार करतो.
पंचवीस किलोची मिठाची गोणी, गाळलेलं पाणी,
एक थेंब काचेवर घेऊन उजेडाकडे धरायचा:
पस्तीस. जमला समुद्र.
खरा समुद्र कंपाउंडच्या भिंतीपलीकडे,
खाडीतल्या तिवरांपर्यंत चालत चार मिनिटं.
ऑगस्टात तो कपात उरलेल्या चहासारखा कोमट.
माझा पंचवीस अंशांवर. बिल मालक भरतात.

आत हमूर आहे.
आमच्या देवगडला ह्यालाच गोबरा म्हणतात.
मायेद म्हणतो बटाटा.
चार वर्षांचा असताना त्यानेच हे नाव ठेवलं,
आणि अरबीतही बटाटा बटाटाच असतो हे कळून
मी त्या दिवशी उगाच खूश झालो होतो.

तेव्हा बटाटा माझ्या करंगळीएवढा.
आता मायेदचे दुधाचे दात पडून नवे आलेत,
टाकी आठ फुटांची ती आठ फुटांचीच,
आणि मासा माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत.
येतो, काचेशी थांबतो,
शेपटी दुमडतो, मागची काच घासतो,
वळतो.
पुन्हा येतो.
शहाण्या पोराबद्दल आपण म्हणतो, वळण आहे हो त्याला.
बटाट्याला चांगलं वळण लागलंय.
नाकाडावर पांढरा चट्टा पडलाय त्याचा.

माझा हात पाण्यात गेला की त्याचा रंग उजळतो.
माकुलाचा तुकडा बोटांतून घेतो, दात न लावता.
पाहुण्यांना हे फार आवडतं.

स्वयंपाकघरातली फिलोमिना म्हणते, सात किलो भरेल,
वीस माणसांचा मचबूस.
मला हसू येत नाही, आणि ह्याचंच हसू येतं,
कारण माझ्या बापाने घर बांधलं ते गोबऱ्यांवर.
पहाटे गळ, दुपारी बर्फ, रात्री ताट.
गोबऱ्याच्या पोटात हात घालून
मी अख्खा खेकडा बाहेर काढलाय.
मरण मला नवं नाही.
हे जे आहे, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

फोनवर बाबांना सांगितलं.
बराच वेळ खरखर. मग म्हणाले,
"माशाक जाळा कळता रे. काच कळणा नाय."
आणि लगेच, पैसे कधी पाठवतोस.

आता कुणी म्हणेल, तूही तसाच तिकडे, काचेमागे.
नको. मला दर दोन वर्षांनी तिकीट मिळतं,
आणि मी सही करून आलोय.
हा माझ्या वीस दिरहम कमिशनवर आला.
मालकांनी विचारलं होतं, किती वाढेल?
मी म्हणालो, जेवढी टाकी तेवढा मासा.
इतकं गोल वाक्य, की मलाच खरं वाटलं.

मायेद एकदा कानाशी येऊन म्हणाला,
रात्री बादलीतून नेऊन खाडीत सोडू या.
कुठल्या बादलीत, मी म्हणालो.
आणि टाकीतले रोग तिथल्या माशांना लागले तर?
आणि हातातून खाणारा हा, गळ दिसला की हात समजून जाईल.
त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.
"मग आणलास तेव्हा का नाही बोललास?"
मी स्पंज पिळत राहिलो.
पाणी कधीच संपलं होतं त्यातलं.

काल दुकानात एक जोडपं आलं.
ठिपक्यांच्या पिल्लावर बोट ठेवून, हा किती वाढतो?
मी हात पसरले.
उजवा फिल्टरच्या खोक्यांना लागला,
डावा काचेवर आपटला,
आणि आतली सगळी पिल्लं एकदम मागे सरकली.
"याहून मोठा," मी म्हणालो.
नवरा हसला. बायकोला म्हणाला,
मासेवाले नेहमी मासा फुगवूनच सांगतात.
दोन द्या.